आत कुणी नसलेली लिफ्ट

प्रिय बटण,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आईची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम, आणि मलाही काही झालेलं नाही. हातात फोन असताना बापाने पत्र का लिहावं, असं तुला वाटेल. पण फोनवर मी कसा बोलतो ते तुला ठाऊक आहे. हो, नाही, बरं, ठेवतो. एवढ्यात माझं सगळं उरकतं. गेल्या रविवारी तू पूर्वपरीक्षेचा निकाल सांगितलास, गुण कमी आले म्हणालीस, आणि त्याच दमात मुख्य प्रवेश परीक्षेचा अर्ज भरणार नाही म्हणालीस, तेव्हाही मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. त्या एका ‘बरं’वरून तुझ्या आईने मला आठवडाभर सोलून काढलंय. तिचं म्हणणं असं, की पोरगी कळायला लागल्यापासून यंत्रं घडवायच्या कॉलेजात जायचं म्हणते, आज ती फोनवर सगळं मोडीत काढते, आणि हा माणूस बरं म्हणतो. तिचं बरोबरच आहे. पण त्या ‘बरं’ला एक कारण होतं. ते शेवटी सांगतो, कारण सुरुवातीलाच सांगितलं तर पुढचं लिहायला हात धजायचा नाही.

आधी चांगलं सांगतो. आज दुपारपासून मला इतकं हलकं वाटतंय की विचारू नकोस. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते या वयात नीट कळलं. संध्याकाळी मी चक्क गुणगुणत घरी आलो, तर आईने कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. तिला सांगितलं, आधी मुलीला लिहितो, मग तुला सांगतो. ती आता शेजारच्या खोलीत मुद्दाम भांडी वाजवते आहे. वाजवू दे.

इकडची खबर म्हणशील, तर आई चालवते त्या शाळेच्या बसला नवे आरसे बसवलेत. आता मागच्या बाकावर कोण कोणाची वेणी ओढतंय ते तिला गाडी चालवता चालवता दिसतं, आणि त्याचा तिला कोण आनंद! तू वसतिगृहात गेल्यापासून तुझ्या खोलीत ती तिचे गणवेश वाळत घालते. तुझं टेबल मात्र जसंच्या तसं आहे. त्यावर तू उघडून ठेवलेला तो पंखा, ज्याची मोटर तू ‘उद्या जोडते’ म्हणाली होतीस, तोही तसाच आहे. त्याला मी हात लावलेला नाही. हात लावण्याचंच तर सगळं पुराण आहे, ते आता सुरू करतो.

तुला बटण हे नाव कसं पडलं ते तू हजारदा ऐकलंयस, तरी पुन्हा ऐक. तू एवढीशी होतीस. मी तुला लिफ्टदुरुस्तीच्या कामावर नेलं की लिफ्टमध्ये कडेवर घ्यायचो, आणि तू हाताला लागेल ते बटण दाबायचीस. एक नाही, सगळी. मग आपली वरात प्रत्येक मजल्यावर थांबत जायची. दार उघडायचं, समोर कुणी नसायचं, तू टाळ्या पिटायचीस, दार मिटायचं. एका ऑफिसातले गृहस्थ आपल्याबरोबर अडकले होते. चौथ्या मजल्यापर्यंत हसले, पुढे जिन्याने गेले. तेव्हापासून आमच्या सगळ्या मेकॅनिक लोकांत तू बटण.

आणि मग ती मशीनरूमची गोष्ट. तिच्याबद्दल मात्र आपण कधी बोललो नाही. आईची बस होती, तुला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मी तुला गच्चीवरच्या मशीनरूममध्ये एका कोपऱ्यात खाऊचा डबा देऊन बसवलं होतं. आमच्यातला अंदाजपंचे, सगळं अंदाजाने करतो म्हणून हे नाव, खाली लिफ्टच्या छतावर उभा राहून दोर तपासत होता. वीज मी बंद केली होती, स्विचवर पाटीही अडकवली होती. पण तुला तेव्हा वाचता कुठं येत होतं? मी वळून बघतो तर तुझा हात त्या मोठ्या लाल स्विचपाशी. मी झेप घालून मनगट धरलं. तुझ्यासमोर गुडघ्यावर बसून फक्त म्हणालो, खात्री नसेल तर हात लावायचा नाही. कधीच नाही. तू मान हलवलीस. त्यानंतर तू एकही बटण विचारल्याशिवाय दाबलं नाहीस. मला तेव्हा बरंच वाटलं, पोरगी शहाणी झाली म्हणून. आजही ती वेळ आली तर मी तेच वाक्य तसंच म्हणेन, कारण खाली माणूस उभा होता.

आता रविवारचा फोन आठव. गुण सांगून झाल्यावर तू रडक्या आवाजात पटकन एक वाक्य म्हणालीस. मला येत होतं तेवढंच लिहिलं बाबा, खात्री नव्हती त्याला हातच लावला नाही, म्हणजे माझी कुवत तेवढीच. मी ते ऐकलं, पण डोक्यात शिरलं नाही. आज दुपारी शिरलं. ते कसं, त्यासाठी तुला आमच्याकडची एक गंमत सांगावी लागेल.

आमच्यासाठी नवा नियम आलाय. लिफ्टला हात लावणाऱ्या प्रत्येकाने आता परवान्याची परीक्षा द्यायची. कितीही वर्षं काम केलेलं असो, कॉम्प्युटरसमोर बसायचं, प्रश्नाखालच्या चार उत्तरांतलं एक निवडायचं. खऱ्या परीक्षेआधी एक सराव परीक्षा झाली. म्हणजे तुझ्या पूर्वपरीक्षेची धाकटी बहीणच. ज्यांनी आयुष्यभर पाने आणि पक्कड धरली ते सगळे माऊस असा धरून बसले होते, जणू तो पळूनच जाणार आहे. निकाल लागला, आणि पहिला कोण आला असेल? आपला अंदाजपंचे! जो ‘होऊन जाईल’ म्हणून स्क्रू अर्धाच पिळतो, ज्याला मी ब्रेकच्या आसपास फिरकू देत नाही, तो पहिला. दिवसभर कॉलर ताठ करून हिंडत होता. आणि आमच्यातला एक जुना, पक्का मेकॅनिक, ज्याच्या हाताखाली अर्धी टोळी शिकली, तो नापास. तू त्याला ओळखतेस, पण नाव घेत नाही, बिचाऱ्याची थोडी तरी लाज राहू दे.

आज दुपारी प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी त्या नापास बाबाला समोर बसवलं. बाई वयाने तुझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी त्याचा पेपर पडद्यावर उघडला. लिहिलेलं जवळजवळ सगळं बरोबर. पण मध्येमध्ये कोरंच कोरं. त्यांनी विचारलं, हे का सोडलंत? तो म्हणाला, खात्री नव्हती. बाई म्हणाल्या, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हे मी सुरुवातीला सांगितलं होतं ना? तो म्हणाला, ऐकलं होतं. मग? मग काय, हात गेला नाही. ज्याची खात्री नाही त्यावर बोट ठेवणं त्याला खोटं बोलल्यासारखं वाटत होतं. मागून अंदाजपंचे खो खो हसला. बाई नाही हसल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, समजा लिफ्ट बंद पडली म्हणून निरोप आला, तर तुम्ही काय करता? तो खुर्चीत सरसावून बसला, कारण हा प्रश्न त्याच्या घरचा होता. म्हणाला, आधी वीज आहे का बघतो. असली तर बहुतेक वेळा दाराची भानगड असते. दोर आणि मोटर सहसा बिघडत नाहीत, म्हणून दार नीट मिटत असलं तर विजेच्या पॅनेलकडे वळतो. बाई म्हणाल्या, म्हणजे चार कारणांतली दोन तुम्ही जागच्या जागी बाद करता, आणि उरलेल्यांतलं एक धरून चालता. याला आम्ही अंदाज म्हणतो. तुम्ही रोज करता. तो म्हणाला, पण तेव्हा मी हात लावायच्या आधी वीज बंद करतो, कारण आत माणूस असू शकतो. तर बाई म्हणाल्या, काका, हा कागद आहे. या लिफ्टमध्ये कुणी उभं नाही.

बटण, ते वाक्य ऐकलं आणि मला तुझा रविवारचा आवाज ऐकू आला. अक्षरशः कानात. मी तसाच उठून बाहेर जिन्यात गेलो आणि तुझ्या वर्गशिक्षिकांना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाशी फोनवर इतका वेळ बोललो, आईला खरं वाटणार नाही. त्या म्हणाल्या, तुमचा फोन यायची मी वाटच बघत होते. तू जेवढं सोडवलंस त्यातलं जवळपास सगळं बरोबर आहे. बाकी कोरं. तू वरचा आकडा बघितलास आणि निकालाचं पान उलटं करून ठेवलंस, खालचं काही बघितलंच नाहीस, असं त्या म्हणाल्या. मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. माझी मुलगी कच्ची नाही, हे मला माहीतच होतं. पण ती कच्ची नसून माझ्यावर गेलीय, हे आज कळलं!

त्यांनी मला बरंच काही समजावलं आणि मी बसतिकिटाच्या मागे लिहून घेतलं. तुलाही वर्गात सांगितलं असेल, पण परीक्षेच्या धास्तीत ऐकलेलं कानाबाहेर जातं. तुमच्या परीक्षेतही चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आणि या पूर्वपरीक्षेचे गुण कुठलंच कॉलेज बघत नाही. ते तुला कळतात, शाळेला कळतात, संपलं. फार वर आलेल्या थोड्या मुलांना शिष्यवृत्तीसाठी निवडतात, तेवढी बातमी चांगली. पण खाली आलेल्याचं ती काही बिघडवत नाही. मुख्य परीक्षा कशी असेल, वेळ किती वेगाने पळतो, आपण कुठं अडकतो, हे आधी कळावं म्हणून ती घेतात. मी म्हटलं, बाई, हे तर आमच्याच कामासारखं झालं. त्यांना कळलं नाही. तुला कळेल.

याच आठवड्यात आम्ही इस्पितळाच्या मोठ्या लिफ्टचे दोर बदलले. तुला माहितेय, दोर बदलले की लगेच माणसं चढवत नाहीत. लोखंडी वजनं भरायची, माणसांच्या वजनाहून जास्तच, आणि माणसांशिवाय लिफ्ट वरखाली पळवायची. मग ती कुरकुरते, एखाद्या मजल्यावर दोन बोटं खाली थांबते, ब्रेक थोडा उशिरा लागतो. जे जे वाकडं दिसेल ते सरळ करायचं. यावेळी ती तिसऱ्या मजल्यावर नेहमीपेक्षा जास्तच खाली थांबली. आमच्यापैकी कुणी डोक्याला हात लावून बसलं नाही. कुणी म्हणालं नाही, की ही लिफ्ट आता कायमची बंद करा, हिची कुवत एवढीच. उलट बरं झालं म्हणालो, आत्ताच कळलं. परवा तिच्यातून एका आजीबाईंना खाटेसकट नेलं, त्यांना झोप लागली होती ती मोडली नाही. तुझी पूर्वपरीक्षा म्हणजे ती वजनं भरलेली फेरी होती. तू दोन बोटं खाली थांबलीस. बस, एवढंच झालंय.

ब्रेक कुठं सैल आहे तेही कळलंच आहे. आता मी तुला शिकवणार आहे, हसू नकोस. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं तर आधी त्यातली चुकीची उत्तरं शोध. चारांतलं एक तर हटकून मूर्खासारखं असतं, ते काढ. दुसरं जरा विचार केला की निघतं. उरलेल्या दोनांतलं जे मनाला जास्त पटेल त्यावर बोट ठेव आणि पुढं चल. हे खोटं बोलणं नाही. खोटं तेव्हा, जेव्हा समोरच्याला आपण फसवतो. इथं समोरचा स्वतःच विचारतोय, तुला काय वाटतं? आणि एकाच प्रश्नाला चिकटून बसू नकोस. तुझ्या शिक्षिका म्हणाल्या, एका गणितापाशी तू बराच वेळ घालवलास, आणि पेपरच्या त्या भागाचा वेळ संपला की मागे जाता येत नाही. एक लिफ्ट अडकली म्हणून मी तिच्यापाशीच दिवसभर बसलो तर बाकीची इमारत जिने चढेल ना? खूण करून पुढं जा, वेळ उरला तर परत ये. ओळखपत्र आदल्या दिवशीच पिशवीत टाक. रात्रभर जागू नकोस, झोपमोड झालेल्या माणसाला मी स्टुलावरसुद्धा चढू देत नाही. आणि निकालाचं ते उलटं ठेवलेलं पान सुलटं कर. कुठल्या विषयात काय सुटलं ते त्यात सगळं आहे. मी असतो तर फ्रेम करून लावलं असतं, पण आई म्हणेल आधीच भिंती भरल्यात.

आता ते ‘बरं’. तू रविवारी फोन केलास त्याच्या आदल्याच दिवशी आमच्या सराव परीक्षेचा निकाल लागला होता. तो नापास झालेला जुना, पक्का मेकॅनिक म्हणजे तुझा बाप. तू हे आधीच ओळखलं असशील, तू हुशार आहेस. मी घरी कुणाला सांगितलं नाही. साहेबांना मात्र गुपचूप सांगून आलो होतो, की मला आता परीक्षा नको, परवाना नको, मला स्टोअररूमला बसवा, नटबोल्ट मोजत बसेन. मला वाटलं होतं, माझे दिवस संपले. आणि दुसऱ्या दिवशी तू तेच म्हणालीस, माझ्याच शब्दांत. ज्याने स्वतःच आदल्या दिवशी हात टेकले त्याने तुला कुठल्या तोंडाने सांगायचं, की हिंमत धर? म्हणून बरं. आज बाईंसमोरून उठलो, तुझ्या शिक्षिकांशी बोललो, आणि तिथून सरळ साहेबांच्या खोलीत गेलो. म्हटलं, स्टोअररूम राहू द्या, परीक्षेचा अर्ज आणा. उभ्याउभ्या भरला, सही केली, देऊन आलो. अंदाजपंचे मला शिकवणार आहे, काय दिवस आलेत बघ. तुझ्या अर्जाची मुदत शनिवारची आहे. हे पत्र गुरुवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. भरायचा की नाही ते तू ठरव, मी फोन करून विचारणार नाही, आईलाही विचारू देणार नाही, निदान प्रयत्न करेन. पण त्या दिवशी मी तुझं मनगट धरलं होतं ते आज सोडतो आहे, हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते माझ्याशिवाय कुणाला सांगता आलं नसतं. मी नीट बघितलंय, बटण. आत कुणी नाही. दाब.

तुझाच,
परवान्याचा उमेदवार,
बाबा

ता. क. स्टोअररूमची भानगड आईला माहीत नाही. हे पत्र पेटीत टाकायला तीच जाणार आहे, म्हणून पाकीट दोनदा चिकटवतोय. आणि त्या पंख्याची मोटर सुट्टीत आलीस की जोडून टाक, फार उकडतंय.